एव्हबरीचा एक दिवस : शिळावर्तुळ, पाषाणयुगीन थडगी आणि जुनी चर्च पायी कशी पाहावीत

इंग्लंडला आलेली आपली माणसं पहिली सुट्टी मिळाली की स्टोनहेंज गाठतात. तिकीट काढतात, दोरीच्या अलीकडून दगड पाहतात, फोटो काढतात आणि परततात. त्यात वाईट काही नाही. पण त्याच विल्टशर परगण्यात, स्टोनहेंजपासून गाडीने पाऊण-एक तास उत्तरेला एव्हबरी नावाचं गाव आहे. ब्रिटनमधलं सर्वांत मोठं शिळावर्तुळ तिथे आहे आणि त्या वर्तुळाच्या पोटातच रस्ता, घरं, पब असं जितंजागतं गाव वसलेलं आहे. दगडांना हात लावता येतो आणि वर्तुळात फिरायला तिकीट नाही. शिवाय हाकेच्या अंतरावर हजार वर्षं जुन्या भिंतींचं चर्च आहे आणि तासाभराच्या चालीवर साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं. १९८६ पासून स्टोनहेंज आणि एव्हबरी मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, तरी आपल्याकडचे लोक इथे फारसे येत नाहीत. त्यांनी यावं, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक विनंती. दिवसात पाच गावं ‘उरकायची’ नाहीत. एकच गाव घ्या, पायी फिरा आणि एक गोष्ट नीट ओळखायला शिका : सार्सन नावाचा दगड. तो ओळखता आला की या परिसरातल्या निम्म्या गोष्टी स्वतःहून बोलायला लागतात.

निघण्याआधी

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून स्विंडनची गाडी पकडा, तासाभरात पोहोचता. (स्विंडनमध्ये गोव्याहून आलेली मंडळी मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे तुमचं कुणी ओळखीचं तिथे निघालं तर नवल नाही.) तिथून डिव्हायझेसकडे जाणारी ४९ क्रमांकाची बस एव्हबरीच्या मधोमध, पबसमोर सोडते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच कागदावर लिहून ठेवा. खेड्यातल्या बस लवकर संपतात, रविवारी कमी असतात आणि मोबाइलला सिग्नल मिळेलच असं नाही. गाडीने येणार असाल तर गावाच्या दक्षिणेला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं पे-पार्किंग आहे. गावातल्या अरुंद रस्त्यांवर, लोकांच्या दारापुढे गाडी लावू नका.

एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ नवख्यांसाठी चांगला. डिसेंबरात चार वाजता सूर्य मावळतो आणि नदीकाठची वाट पाण्याखाली जाते. २१ जूनच्या आसपास उन्हाळी अयनदिनासाठी मोठी गर्दी जमते. शांतपणे पाहायचं असेल तर ते दिवस टाळा.

बुटांकडे दुर्लक्ष करू नका. ही सगळी भूमी चुनखडीची आहे, खडूसारखी पांढरी. पाऊस पडून गेला की त्या मातीचा साबणासारखा निसरडा थर होतो आणि साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये उतारावर उभं राहणं कठीण होतं. घोट्यापर्यंतचे, खाचदार तळव्याचे बूट घाला, मोज्यांचा एक जादा जोड घ्या. पावसाचं जॅकेट जुलैतही बरोबर असू द्या. खाण्यासाठी दशम्या आणि चटणी उत्तम. उघड्यावर थंड झाल्या तरी चांगल्या लागतात. पबमध्ये जेवायचं असेल तर दुपारी फार उशीर करू नका, बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर मधल्या वेळेत बंद असतं.

आणि नकाशा. फोनवरचा नकाशा रस्त्यांपुरता ठीक असतो. पायवाटांसाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला १५७ क्रमांकाचा नकाशा विकत घ्या. त्यावर जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावरचे चार सेंटिमीटर. हिरव्या तुटक रेघा म्हणजे सर्वांना चालण्याचा हक्क असलेल्या वाटा. त्या कुणाच्या शेतातून गेल्या तरी तुम्ही तिथून हक्काने जाऊ शकता, मात्र वाट सोडून नाही. पुरातन जागांची नावं जुन्या वळणाच्या, गॉथिक अक्षरांत छापलेली असतात. चर्चची खूण म्हणजे काळा क्रूस. त्याखाली चौकोन असेल तर चर्चला चौकोनी मनोरा, वर्तुळ असेल तर शिखर, नुसता क्रूस असेल तर दोन्ही नाही. आदल्या रात्री नकाशा जमिनीवर पसरून बसा आणि अशी गॉथिक अक्षरं शोधा. एव्हबरीभोवती ती इतकी दाट आहेत की पाहत राहावंसं वाटतं.

पहिला टप्पा : वर्तुळ

गावात शिरलात की पब किंवा दुकानाकडे न वळता आधी मातीच्या तटावर चढा. जिथे वाट केलेली आहे तिथूनच चढा. गवत झिजलेले भाग कुंपण घालून बंद ठेवलेले असतात, ते पुन्हा रुजावेत म्हणून. वरून पाहिलं की रचना लक्षात येते : बाहेर मातीचा प्रचंड गोल बांध, त्याच्या आत खोल खंदक, खंदकाच्या आतल्या काठाने दगडांचं मोठं वर्तुळ आणि त्याच्या पोटात आणखी दोन छोटी वर्तुळं. मोठ्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३३० मीटर, मूळचे दगड शंभराच्या आसपास. हा खंदक आज दिसतो त्याच्या दुप्पटीहून खोल होता आणि तो खणला हरणांच्या शिंगांच्या कुदळींनी. लोखंड नव्हतं. काळ साधारण इसवी सनापूर्वी २८५० ते २२०० चा.

आता खाली उतरून एका दगडाजवळ जा आणि तळहात टेकवा. हाच सार्सन. अतिशय कठीण वालुकाश्म. रंग राखाडी, त्यावर पिवळ्या आणि पांढऱ्या दगडफुलाचे ठिपके, मधेमधे बोट जाईल एवढी भोकं. स्टोनहेंजला दगड तासून चौकोनी केले, इथे ते जमिनीवर सापडले तसेच उभे केले. म्हणून प्रत्येकाचा आकार वेगळा. काही उंच, सरळसोट. काही रुंद, पत्त्यांतल्या चौकटसारखे कोनावर उभे. दगडफूल नखाने खरवडू नका, ते वाढायला पिढ्या जातात. आणि एक मनापासूनची विनंती : कितीही भक्तिभाव दाटून आला तरी हळद-कुंकू, शेंदूर, तेल, उदबत्ती काही लावू नका. हात जोडायला कुणाची हरकत नाही.

फिरताना मधेमधे काँक्रीटचे बुटके, निमुळते खुंट दिसतील. तिथे एकेकाळी दगड होता, एवढंच ते सांगतात. दगड गेले कुठे? चौदाव्या शतकाच्या सुमारास गावकऱ्यांनी बरेच दगड पाडून पुरले. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत ते फोडून घरं बांधायला वापरले. विल्यम स्टकली नावाच्या अभ्यासकाने १७१९ नंतर इथे वारंवार येऊन ही फोडाफोड डोळ्यांनी पाहिली आणि टिपून ठेवली : दगडाखाली खड्डा खणायचा, पेंढ्याचा जाळ करायचा, दगड तापला की त्यावर गार पाण्याची रेघ ओढायची आणि घणाचा घाव घालायचा. आता रस्त्याकडेच्या घरांच्या भिंती पाहा. तोच राखाडी रंग, तीच भोकं. वर्तुळातले दगड भिंतींत सापडायला लागले की मी सांगत होतो ते तुमच्या लक्षात येईल.

उरलेल्यांपैकी पुष्कळ दगड आज उभे दिसतात ते अलेक्झांडर कीलर यांच्यामुळे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या मुरंबेवाल्या घराण्याचा हा वारस. त्याने इथली बरीच जमीन विकत घेतली, १९३० च्या दशकात उत्खनन केलं, पुरलेले दगड शोधून मूळ खळग्यांत पुन्हा उभे केले आणि १९४३ मध्ये सगळं नॅशनल ट्रस्टच्या हवाली केलं. १९३८ मध्ये एका पुरलेल्या दगडाजवळ माणसाचा सांगाडा मिळाला. सोबत कात्री, एक अणकुचीदार शस्त्र आणि चौदाव्या शतकातली चांदीची नाणी. तो फिरता न्हावी-वैद्य असावा असं मानतात, म्हणून त्या दगडाला न्हाव्याचा दगड म्हणतात. वर्तुळाच्या नैर्ऋत्य भागात तो आहे, विचारलंत तर कुणीही दाखवेल. उत्तरेकडच्या आतल्या वर्तुळात ‘कोव्ह’ म्हणतात ते दोन राक्षसी दगड चुकवू नका. त्यातल्या एकाचं वजन शंभर टनांच्या घरात असावं असा अंदाज आहे.

कीलर यांच्या नावाचं संग्रहालय गावातच जुन्या तबेल्यात आणि सतराव्या शतकातल्या धान्य-मळणीच्या कोठारात आहे. त्याला तिकीट आहे. वेळ कमी असेल तर ते परतीला ठेवा, ऊन असेपर्यंत बाहेर राहा.

विदर्भातल्या वाचकांना इथे आपल्याकडची आठवण येईल. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शेकडो शिळावर्तुळं आहेत आणि १८७९ मध्ये त्यांचं उत्खनन रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने केलं होतं. दोन्हींचा काळ वेगळा, लोक वेगळे. जुनापाणीची वर्तुळं दफनांवर रचलेली आहेत. एव्हबरीचं वर्तुळ कशासाठी होतं यावर अजून एकमत नाही. पण एव्हबरी पाहून झाल्यावर पुढच्या भारतवारीत जुनापाणीला जाऊन या. मोकळ्या माळावर दगडांची वर्तुळं पाहायला एकदा डोळा तयार झाला की तिथेही पुष्कळ दिसतं.

दुसरा टप्पा : गावचं चर्च

इंग्लंडमधली खेड्यातली चर्च दिवसा बहुधा उघडी असतात आणि आत कुणीही नसतं. नवख्या माणसाला नेमकं याचंच दडपण येतं. दार लोटून आत जावं की नाही, अशा विचारात मी पहिल्या वेळी बराच वेळ देवडीत उभा होतो. जावं. दार जड असतं आणि लोखंडी कडी फिरवून उचलावी लागते. पहिल्या झटक्यात उघडलं नाही म्हणजे कुलूप आहे असं समजू नका. खरंच कुलूप असेल तर देवडीतल्या फलकावर किल्ली कोणाकडे मिळेल ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

चपला-बूट काढायचे नसतात. पण तळव्यांना खडूची माती असेल तर देवडीतल्या पायपुसण्यावर नीट पुसा. शंका वाटली तर बूट देवडीत ठेवून मोज्यांवर आत गेलात तरी कुणाला वावगं वाटणार नाही. पुरुषांनी टोपी काढावी. लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर आत जाऊ नये. रविवारची प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसता येतं. धर्म कोणता, असं कुणी विचारत नाही.

एव्हबरीचं सेंट जेम्स चर्च वर्तुळाच्या लगेच बाहेर, पश्चिमेला आहे. आत गेल्यावर आधी थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग आपल्या देवळाच्या हिशोबाने पाहा. लोक बसतात तो लांबट भाग म्हणजे सभामंडप. पूर्वेकडचा, वेदीचा भाग गाभाऱ्यासारखा. तिकडे तोंड केलंत की तुम्ही पूर्वेला पाहत असता, जवळजवळ प्रत्येक जुन्या चर्चमध्ये. वय ओळखायची ढोबळ युक्ती कमानींची : अर्धगोल, जाड कमान म्हणजे १०६६ नंतरच्या नॉर्मन काळातली, वर टोकदार झालेली म्हणजे साधारण १२०० च्या पुढची. इथे तर त्याच्याही आधीचं, सॅक्सन काळातलं बांधकाम भिंतींत शिल्लक आहे. सभामंडपाच्या भिंतीत उंचावर लहान गोल खिडक्या दिसतील, त्या तेव्हाच्या.

दाराजवळ दगडी कुंड असतं, बाप्तिस्म्याचं. इथल्या कुंडाशी खाली वाका. नॉर्मन काळातलं कोरीवकाम आहे : हातात दंड घेतलेला बिशप आणि त्याच्याकडे वळलेले दोन सर्पासारखे प्राणी. कोरणारा काही मोठा कलावंत नव्हता, रेषा ओबडधोबड आहेत. पण त्या सर्पांच्या शेपट्यांची वळणं त्याने मन लावून काढली आहेत.

मग सभामंडप आणि गाभारा यांच्या मधे वर पाहा. लाकडी सज्जा आहे, पंधराव्या शतकातला. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत असे सज्जे देशभर तोडून टाकण्याचे हुकूम निघाले. इथला वाचला, कारण तो भिंतीआड गिलाव्याखाली झाकून टाकला होता; १८१० मध्ये पुन्हा सापडला. ज्या परिसरात लोकांनी वर्तुळातले दगड आग लावून फोडले, तिथेच हे लाकूड कुणीतरी जपलं. मला ही दोन कामं एकत्र आठवल्याशिवाय हे चर्च पाहताच येत नाही.

बाकांपुढे लटकवलेल्या, भरतकाम केलेल्या छोट्या उश्या गुडघे टेकायला असतात. बहुतेक ठिकाणी त्या गावातल्या बायकांनीच विणलेल्या असतात. भिंतीवर १९१४-१८ च्या युद्धात गेलेल्यांची नावं असतात. एकच आडनाव दोनदा आलं की गावाला काय सोसावं लागलं ते कळतं. निघताना अभिप्रायवहीत मराठीत चार ओळी लिहा आणि पेटीत काही पैसे टाका. या चर्चना सरकारी खर्च पुरवला जात नाही, छप्पर गावकऱ्यांच्या वर्गणीवर टिकतं.

तिसरा टप्पा : टेकडी, थडगं आणि परतीची दगडवाट

चर्चनंतर दशम्या खा आणि दक्षिणेकडे केनेट नदीकाठच्या वाटेला लागा. नदी म्हणजे ओढाच, उन्हाळ्यात कोरडीही पडते. उजवीकडे सिलबरी हिल दिसेल : मानवाने रचलेली, ३० मीटरहून उंच टेकडी, इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमाराची. आत राजाचं थडगं असेल म्हणून लोकांनी अनेकदा खणून पाहिलं, काही मिळालं नाही. १७७६ साली वरून खणलेल्या उभ्या खड्ड्याचं तोंड २००० मध्ये खचलं आणि टेकडी आतून सावरावी लागली. वर चढायला बंदी आहे. ती पाळा, कुंपणाबाहेरून ती अधिक चांगली दिसते.

पुढे मोठा रस्ता ओलांडून, शेतातून चढत गेलं की वेस्ट केनेट लाँग बॅरो. शंभर मीटर लांबीची मातीची पाठ, पूर्वेच्या टोकाला उभे सार्सन आणि त्यांच्यामागे आत जायची फट. इसवी सनापूर्वी ३६५० च्या सुमारास बांधलेलं हे सामूहिक थडगं. आत पाच दालनं. किमान ३६ माणसांचे अवशेष मिळाले, बायका, पुरुष, मुलं. टॉर्च घेऊन वाकून शिरा. आतल्या एका दगडाचा काही भाग हाताला काचेसारखा गुळगुळीत लागतो. तिथे दगडी कुऱ्हाडी घासल्या जायच्या. आजीच्या वरवंट्याखाली झिजलेल्या पाट्यावर हात फिरवला असेल तर तो स्पर्श ओळखीचा वाटेल. आत मेणबत्त्या लावू नका. काजळीने आणि उष्णतेने दगड खराब होतात. लोक फुलं, फिती ठेवून जातात, त्यांना हात न लावता पुढे जावं.

इथून पूर्वेला ईस्ट केनेट गावातून ‘सँक्चुअरी’ या जुन्या शिळावर्तुळाच्या जागेला जाता येतं. तिथे आता फक्त काँक्रीटच्या खुणा आहेत. दगड स्टकलींच्या डोळ्यांदेखत, १७२३-२४ च्या सुमारास काढले गेले. १९३० मध्ये मॉड कनिंग्टन यांनी ती जागा पुन्हा शोधली. रस्ता ओलांडताना फार जपून, गाड्या सुसाट येतात. मग वेस्ट केनेट अव्हेन्यू : दोन्ही बाजूंना दगडांच्या जोड्या, मधून गवताची वाट, थेट एव्हबरीत नेणारी. माझ्या मते वर्तुळात पहिल्यांदा शिरायची खरी वाट हीच, पण बसने येणाऱ्याला ती शेवटीच मिळते. पूर्ण फेरी सुमारे १० किलोमीटर, थांबत-पाहत चार-पाच तास. लहान मुलं असतील तर थडग्यापर्यंत जाऊन परत या. वाटेत मेंढ्या असतात. फाटक जसं सापडलं, बंद किंवा उघडं, तसंच ठेवून पुढे जायचं.

गाडी असेल तर : ऑल्टन प्रायर्स

दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटांवर, टेकड्या उतरल्या की पेव्सीचं खोरं लागतं. डोंगरउतारावर १८१२ साली गवत काढून खडूत कोरलेला पांढरा घोडा दिसला की जवळ आलात. इथे दोन चिमुकली चर्च आहेत, मधे कुरण आणि दगडी पायवाट. ऑल्टन बार्न्सचं सेंट मेरी सॅक्सन काळातलं आहे. ऑल्टन प्रायर्सच्या ऑल सेंट्समध्ये आता नियमित प्रार्थना होत नाहीत. अशा साडेतीनशेहून जास्त चर्चची देखभाल करणारा चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट ते सांभाळतो. आवारात यू वृक्ष आहे, बुंधा मधोमध फाटलेला, आत माणूस उभा राहील एवढा. त्याचं वय १,७०० वर्षं सांगितलं जातं. यूची पानं आणि बिया विषारी असतात. मुलांना काही तोंडात घालू देऊ नका.

आत लाकडी जमिनीत झडपा आहेत. गुडघे टेकून बसा, एक झडप हळूच उचला आणि टॉर्च मारा. खाली ओलसर अंधारात सार्सन आहे, तोच राखाडी रंग, तीच भोकं. चर्च त्याच्यावर उभं आहे. पाहून झालं की झडप दोन्ही हातांनी खाली ठेवा, आपटू देऊ नका. बाहेर पडताना दार पक्कं ओढून घ्या. उघडं राहिलं तर पाखरं आत शिरतात आणि त्यांना बाहेरची वाट सापडत नाही.